हुलियानचं सालामांका

स्पेनहून परत आल्यापासून दर शुक्रवारी कुणाकडे ना कुणाकडे जेवायला जमलो की मंडळी विचारतात, "काय मग, काय काय पाहिलंत?" मी विद्यापीठाच्या दारावरचा दगडी बेडूक सांगतो, भिंतभर शिंपले कोरलेलं घर सांगतो, मनोऱ्यांवर घरटी करून बसलेले करकोचे सांगतो. मेधा फोनमधले फोटो फिरवते. मग बोलणं आपोआप वर्ल्डकपवर येतं. कुणाला तिकिटं लागली, कुणाकडे पुण्याहून पाहुणे येऊन पडणार, नोव्हेंबरात रस्ते बंद झाले तर ऑफिसला कसं जायचं. दोह्यात सध्या दुसरा विषय नाही, आणि मलाही तो बदल बराच वाटतो. कारण त्या प्रवासातलं जे खरं सांगण्यासारखं आहे, ते चार ताटं मांडलेली असताना सांगता येत नाही.

मुऐदर

आधी हुलियानबद्दल सांगायला हवं. स्पॅनिश लोक त्याचं नाव 'ज'नं लिहितात आणि 'ह'नं म्हणतात, हे मला त्यानंच पहिल्या दिवशी समजावलं. मी नाशिकचा. इमारतींना बाहेरून दगड बसवण्याच्या कामात आयुष्य गेलं. दोह्याच्या मधोमध मुशैरिबचा जुना भाग पाडून नवं शहर उभं करत होते, तेव्हा मी तिथे साइटवर होतो आणि हुलियान दगडाचा सल्लागार म्हणून आला. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, ठेंगणा, कायम उन्हानं लाल झालेला. खाणीतून आलेल्या लाद्या उभ्या करून ठेवलेल्या असत. तो प्रत्येक लादीवर बोटाच्या सांध्यानं टकटक करायचा, कान लावायचा आणि आवाज आवडला नाही तर एवढंच म्हणायचा, "खलास." त्यावर वाद नसायचा. ती लादी परत जायची. काम वेगानं व्हायला हवं असलं की "यल्ला, यल्ला." या दोन अरबी शब्दांवर आणि आमच्या दोघांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर आमची दोस्ती जमली. पुढे वर्ल्डकपचं काम निघालं तेव्हाही एकाच स्टेडियमवर आमची नेमणूक झाली.

तो एकटाच राहायचा. बायको पिलार आणि मुलगी मार्ता तिकडे, सालामांकात. एका शुक्रवारी मी त्याला मुऐदरला, दोह्याच्या कडेच्या आमच्या वस्तीत, घरी जेवायला आणलं, आणि मग तो दर शुक्रवारी यायला लागला. मेधानं त्याला भाकरी मोडून खायला शिकवलं. मेधाचं नाव त्याला घेता यायचं नाही, तो 'मेदा' म्हणायचा. ती म्हणायची, "चालेल, मैदा नाही म्हणालात म्हणजे झालं, भाऊजी." मी त्याच्या तोंडी कायम सिरीस. 'श' त्यांच्या जिभेवर बसतच नाही.

जेवण झालं की तो आमच्या दिवाणावर पाय पसरून गावाबद्दल बोलायचा. गाव म्हणजे गावाचा दगड. सालामांकाजवळच्या खाणीतून निघताना तो इतका मऊ असतो की सुतारानं लाकूड कोरावं तसा कोरता येतो. वारा लागला की हळूहळू टणक होतो, आणि वर्षं जातात तसा मधासारख्या रंगावर येतो. "तुझ्या कतारमध्ये आपण दगड भिंतीला टांगतो, सिरीस," तो म्हणायचा. "माझ्या गावात दगड भिंत धरून ठेवतो. वसंतात ये. मी दाखवीन."

पिलारबद्दल तो फारसं बोलत नसे. एकदाच म्हणाला होता, "घरी गेलो की दोन दिवसांत मी पाहुणा होतो." मी पुढे विचारलं नाही. आपल्याकडे अशा गोष्टी विचारत नाहीत, निदान पुरुष तरी विचारत नाहीत.

तो काम संपवून परत गेला आणि मी दर वसंतात जायचं ठरवत राहिलो. एका वर्षी हँडओव्हर होता. दुसऱ्या वर्षी तपासणीसाठी परदेशी मंडळी येणार होती. मग विमानंच बंद झाली. या वर्षी मॅनेजर म्हणाला, "ईदच्या सुट्टीला जोडून घ्यायची तर आत्ता घे. नंतर वर्ल्डकप होईपर्यंत कुणालाही रजा नाही." मार्ताला फोन केला. ती विद्यापीठात परदेशी मुलांना स्पॅनिश शिकवते, इंग्रजी उत्तम बोलते. हुलियान मधे आजारी होता एवढं तिनं पूर्वी कळवलं होतं. "आता बाबा बरे आहेत," ती म्हणाली. "तुम्ही या. त्यांना फार आवडेल."

बस स्टँड

माद्रिदपासून बसनं गेलो. बाहेर हिरव्या गव्हाची शेतं, त्यात लाल खसखशीची फुलं, मधूनच ओकची झाडं आणि त्याखाली काळी गुरं. दोह्यात आम्ही निघालो तेव्हा उन्हाच्या झळा सुरू झाल्या होत्या. इथे मे महिन्यात मेधानं बॅगेतून शाल काढली. "नाशिकला पूर्वी डिसेंबरात असायची तशी थंडी आहे," ती म्हणाली आणि खूश झाली.

हुलियान स्टँडवर उभा होता. केस सगळे पांढरे, हातात काठी, शेजारी मार्ता. त्यानं मला मिठी मारली. "सिरीस," तो म्हणाला. मग मेधाकडे वळून, "मेदा." मेधा म्हणाली, "कसे आहात, भाऊजी?" तो हसला. मी आमच्या नेहमीच्या इंग्रजीत सुरुवात केली, किती बारीक झालास, किती वर्षांनी भेटतोय वगैरे. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. बहिरा माणूस ओठांकडे पाहतो तसा. मग तो स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला, अडखळला, आणि थांबला.

मार्ता मला थोडं बाजूला घेऊन म्हणाली, "इंग्रजी गेलं त्यांचं. मेंदूत रक्तस्राव झाला त्यात. स्पॅनिशही अर्धंच परत आलंय. रोज पाच-सहा वाक्यं बोलतात, तीही तुकड्यांत."

"तू फोनवर म्हणालीस, बरे आहेत."

"बरेच आहेत. चालतात, जेवतात, सगळं ओळखतात." तिनं वडिलांकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात?"

मी आलोच असतो असं म्हणालो. पण मनात आलं, कदाचित 'पुढच्या वर्षी, जरा सुधारला की' असंही म्हटलं असतं.

आमची बॅग हुलियाननं एका हातानं ओढायला घेतली आणि मान झटकून म्हणाला, "यल्ला."

आम्ही तिघंही हसलो. मार्ताला कळेना. तिला वाटलं होतं, आजारानंतर तो मधेच काहीतरी निरर्थक आवाज काढतो. दोह्यातले चार अरबी शब्द, यल्ला, खलास, आभाराचं शुक्रन आणि इन्शाल्ला, त्याच्याजवळ शाबूत होते. इंग्रजी वाहून गेलं आणि ते तेवढे खाली राहिले. मी तिला अर्थ सांगितले तेव्हा ती म्हणाली, "इन्शाल्ला तर आमच्याकडेही आहे. आम्ही 'ओहाला' म्हणतो. अरबांचं राज्य होतं ना इथे." पुढचे तीन दिवस मी आणि हुलियान त्या चार शब्दांवर होतो.

मोठा चौक

हॉटेल चौकाला लागून होतं. चौक म्हणजे चारी बाजूंनी एकसारख्या कमानी, वर तीन मजले, आणि सगळं त्याच मधाळ दगडात. मधे झाड नाही, कारंजं नाही. मुलंमुली सरळ फरशीवर मांडी घालून बसलेली, कुणी पुस्तक वाचतंय, कुणी पिशवीतून पाव काढून खातंय. दोह्यात इतकी सुंदर फरशी असती तर तिच्यावर बसायला मनाई करणारा पहारेकरी उभा असता. मुशैरिबमध्ये आम्ही असाच एक चौक बांधला, त्यावर सरकतं छप्पर आहे, खाली गारवा आहे. पण बसायला माणसं बोलवावी लागतात.

कमानीखाली जेवायला बसलो. आम्ही दोघं शाकाहारी. मार्ता त्या जेवणाला सोबत नव्हती, म्हणून मी फोनवरून भाषांतर करून वेटरला सांगितलं, मांस नको, फक्त भाज्या. त्यानं मान डोलावली आणि मटार, गाजर, फ्लॉवर असं छान वाफाळतं ताट आणलं. त्यावर गुलाबी रंगाचे बारीक तुकडे भुरभुरलेले. मेधानं काट्यानं एक उचलून पाहिला.

"अहो, हे काय आहे?"

वेटरला विचारलं. तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "हॅम. पण थोडंच आहे."

मेधा म्हणाली, "आपण कोथिंबीर घालतो तसं घालतात वाटतं." आणि तिनं ताट बाजूला सारून पाव आणि ऑलिव्हवर भूक भागवली. मी भूक आवरेना म्हणून कडेकडेनं तुकडे वेचून मटार खाल्ले. त्याबद्दल मला अजून ऐकून घ्यावं लागतं.

विद्यापीठाचं दार

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्ता आणि हुलियान आम्हाला विद्यापीठ दाखवायला आले. आठशे वर्षांचं विद्यापीठ म्हणजे काय, ते त्या दारासमोर उभं राहिल्यावर थोडंफार कळतं. दाराच्या वरचा सगळा दर्शनी भाग कोरलेला. राजाराणी, ढाली, वेली, मुखवटे, पक्षी. सोनारानं दागिन्यावर करावं तसं काम, पण तीन मजली. त्यात कुठेतरी एका कवटीवर बेडूक बसलेला आहे. ज्या विद्यार्थ्याला तो कुणी न दाखवता दिसतो तो परीक्षेत पास होतो म्हणे. समोर पंचवीस-तीस माणसं माना वर करून उभी होती. मेधाही शोधायला लागली.

"सापडला," थोड्या वेळानं ती म्हणाली. "आता कसली परीक्षा देऊ?"

हुलियान बेडकाकडे पाहत नव्हता. तो भिंतीच्या खालच्या भागाशी गेला होता. जमिनीतली ओल चढून तिथला दगड सुटत होता, हात लावला की वाळू पडत होती. एका ठिकाणी नवा तुकडा बसवलेला. त्यानं जुन्यावर टकटक केली, मग नव्यावर, आणि माझ्याकडे पाहिलं. मीही जाऊन टकटक केली. नवा भरीव वाजत होता. मी अंगठा वर केला. त्यानं माझा हात धरून पुन्हा त्याच तुकड्याच्या कडेला नेला. तिथे आवाज पोकळ. सांधा नीट भरला नव्हता.

"खलास," मी म्हणालो.

तो इतका हसला की काठी भिंतीला टेकवावी लागली. मार्ता आमच्याकडे बघत उभी होती. नंतर ती मेधाला म्हणाली, "बाबांना असं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नाही." मला ते ऐकून बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. हे सगळं तो मला सांगणार होता. कुठल्या खाणीतला कुठला थर, कोणत्या शतकातली दुरुस्ती, कुणी काय चूक केली. दिवाणावर बसून त्यानं कितीदा हातवारे करून वर्णन केलं होतं, आणि मी अर्धवट पेंगत ऐकलं होतं. म्हटलं होतं, प्रत्यक्ष गेल्यावर कळेलच.

आत एक जुना वर्ग जपून ठेवला आहे. बाकं म्हणजे ओबडधोबड तुळया, त्यांवर शेकडो वर्षांच्या विद्यार्थ्यांनी चाकूनं कोरलेली नावं. इथल्या एका शिक्षकाला धर्मसत्तेनं तुरुंगात टाकलं होतं. अनेक वर्षांनी सुटून आल्यावर त्यानं वर्गात येऊन, मधे काही घडलंच नाही अशा थाटात, काल सोडलेला धडा पुढे चालू केला, अशी आख्यायिका आहे. मार्तानं ती परदेशी मुलांना सांगते तशी घोटीव इंग्रजीत सांगितली. हुलियान शेवटच्या तुळईवर बसून दम खात होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. बसण्यापलीकडे काही सुचलं नाही.

बाहेरच्या भिंतींवर गेरूसारख्या लाल रंगात नावं रंगवलेली दिसतात. पदवी मिळाली की नाव भिंतीवर चढायचं, पूर्वी बैलाच्या रक्तानं. मेधा म्हणाली, "आपल्याकडे गडावर नाव लिहिणाऱ्याला आपण शिव्या देतो. यांनी आधी परीक्षा ठेवली, एवढाच फरक."

पिलारच्या घरी

रविवारी दुपारी पिलारनं जेवायला बोलावलं होतं. आतापर्यंत ती आम्हाला भेटली नव्हती. उंच, ताठ, राखाडी केस मागे बांधलेले. तिनं मेधाच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

घर तिसऱ्या मजल्यावर, लहान, झकपक. जेवायला तिनं अख्ख्या मसुराची आमटी केली होती. जवळच्या गावचा मसूर, बारीक, हिरवट. त्यात तमालपत्र, गाजर, ऑलिव्हचं तेल आणि धुरी दिलेली लाल मिरची. एरवी यात डुकराचं सॉसेज घालतात, पण तिनं आमच्यासाठी घातलं नव्हतं. मेधानं सोबत आणलेल्या पुरणपोळ्या टेबलावर ठेवल्या. हुलियाननं त्यातली एक हातानं मोडली आणि न विचारता वर साजूक तुपासाठी हात पुढे केला. तूप अर्थातच नव्हतं. पिलार ते पाहत होती.

जेवता जेवता ती मार्तामार्फत बोलायला लागली. मार्ता वाक्य संपायची वाट बघायची आणि इंग्रजीत सांगायची.

"मी शुक्रवारी दुपारी फोन करायचे," पिलार म्हणाली. "हा उचलायचा नाही. संध्याकाळी सांगायचा, सिरीसकडे होतो. मेदानं हे केलं होतं, मेदानं ते केलं होतं." ती मेधाकडे पाहून हसली. "मी तुमचा फार हेवा केला. तुमचे उपकारही आहेत माझ्यावर. दोन्ही खरं आहे."

मेधा मराठीत हळूच म्हणाली, "काय बोलायचं यावर?" मी मान हलवली.

पिलारनं चमचा खाली ठेवला. "हा इतकी वर्षं तिकडे होता. मी त्याला विचारायचं ठरवलं होतं, कायमचा परत आला की सगळं विचारीन. कसा राहिलास, काय वाटायचं तुला. आला तेव्हा म्हटलं, घाई काय आहे, आता इथेच आहे. आणि मग हे झालं." ती माझ्याकडे वळली. "आता तुमच्याशिवाय मला सांगणारं कुणी नाही. तिथे हा आनंदात होता का? तुमच्या घरी बसायचा तेव्हा माझ्याबद्दल बोलायचा का?"

हुलियानला इतपत स्पॅनिश नक्की कळत होतं. तो ताटात पाहत होता.

खरं उत्तर माझ्याजवळ होतं. तो आनंदात असायचा. साइटवर, आमच्या दिवाणावर, समुद्रकाठी. आणि तिचं नाव तो क्वचितच काढायचा. का काढत नव्हता ते मला माहीत नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. एवढं सांगायला हवं होतं. तेही कमी नव्हतं.

मी म्हणालो, "नेहमी बोलायचा. दर शुक्रवारी."

मार्तानं सांगितलं. पिलारच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि तिनं विचारलं, "काय म्हणायचा?"

हे मी गृहीत धरलं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या भिंतीवर एक फोटो होता, चर्चमध्ये ओळीनं उभ्या असलेल्या बायका, हातात गाण्याची पुस्तकं, मधे तरुण पिलार. मी म्हणालो, "म्हणायचा, तुम्ही छान गाता. दर रविवारी चर्चमध्ये गाता आणि तो ते ऐकायला नाही म्हणून त्याला चुटपुट लागते."

मार्ता भाषांतर करताना मधेच अडखळली. पण तिनं पूर्ण केलं. पिलारनं फोटोकडे पाहिलं. मग अगदी सौम्यपणे म्हणाली, "मी गाणं मार्ताच्या जन्माआधी सोडलं. तो फोटो त्याच्या आईनं लावला होता, म्हणून ठेवलाय."

हुलियाननं नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. टेबलावर बोटाच्या सांध्यानं एकदा ठोकलं आणि म्हणाला, "खलास."

"पुरे झालं म्हणतोय," मार्ता घाईनं म्हणाली. "पोट भरलं असेल." पिलार फळं आणायला उठली.

हॉटेलवर परतताना मेधा माझ्या चार पावलं पुढे चालत होती. चौकात आल्यावर म्हणाली, "तुम्हाला काय गरज होती?"

"तिला बरं वाटावं म्हणून."

"तिला बरं वाटायला नको होतं. तिला माहीत करून घ्यायचं होतं."

मी म्हणालो, उद्या खरं सांगीन. ती म्हणाली, "उद्या कसं सांगणार? आता तुम्ही काहीही सांगितलंत तरी ती फोटो आठवेल."

पूल

निघायच्या दिवशी सकाळी सगळे आम्हाला सोडायला आले. बसला वेळ होता. पिलार आणि मार्ता मेधाला घेऊन बाजारात गेल्या, वाटेसाठी काही बिनमांसाचं मिळतं का बघायला. हुलियाननं मला खुणेनं खाली नदीकडे नेलं. तिथे रोमन लोकांनी बांधलेला पूल आहे. दगड वेगळा, करडा, ग्रॅनाइट. एका टोकाला डोकं नसलेला दगडी बैल उभा आहे, पुलाहूनही जुना. नदी संथ, काठावर पॉप्लरची झाडं, त्यांची कापसासारखी म्हातारी हवेत तरंगत होती. मागे वळून पाहिलं की टेकडीवर जुनं आणि नवं अशी दोन्ही कॅथीड्रल आणि सगळं मधाळ गाव.

पुलाच्या मध्यावर कठड्याला टेकून उभे राहिलो. मी त्याला काल काय झालं त्याबद्दल काहीतरी सांगायला हवं होतं. इंग्रजीत सांगणं व्यर्थ, म्हणून मराठीतच म्हणालो, "चुकलंच माझं, हुलियान." त्यानं माझं मनगट धरलं.

आणि तो बोलायला लागला. सुरुवातीला एकेक शब्द, मधे मोठी विश्रांती. मग दोन दोन. मग वाक्यं, खरीखुरी लांब वाक्यं, एकामागून एक. तो माझ्याकडे पाहत नव्हता, पाण्याकडे पाहत होता. कधी आवाज चढायचा, कधी अगदी खाली जायचा. एका जागी तो हसला आणि माझ्या मनगटावरची पकड घट्ट झाली. मला एक अक्षर कळत नव्हतं. फक्त पिलार हे नाव येत होतं. थोड्या वेळानं पुन्हा पिलार. पुन्हा. दोहाही एकदा आलं. मी "सी, सी" म्हणत राहिलो, हो, हो, एवढाच त्यांच्या भाषेतला शब्द मला येत होता. खिशात फोन होता. तो काढून बोलणं टिपून ठेवावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी त्यानं धरलेला हात मी सोडवून घेतला नसता.

तो थांबला तेव्हा दमला होता. कपाळावर घाम होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. मला काही समजलं नाही हे त्याला माहीत होतं. कदाचित म्हणूनच त्याला ते बोलता आलं असेल, असं आता वाटतं. पण ते माझं वाटणं आहे.

थोड्याच वेळात तिघी पुलावर आल्या. मेधाच्या हातात कागदी पिशवी होती. मी मार्ताला सांगितलं की बाबा बोलत होते, बराच वेळ, सलग.

"सलग?" ती जागच्या जागी थांबली. "किती? वाक्यं?"

"वाक्यं. लांब लांब."

तिनं हुलियानला काही विचारलं. तो मान हलवून नदीकडे वळला. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं दोन शब्द उच्चारले आणि तिसऱ्यावर अडला. ती माझ्याकडे आली. तिचे डोळे भरले होते. "काय म्हणाले? काहीतरी आठवा. एखादा शब्द."

"मला भाषा येत नाही, मार्ता. एवढंच कळलं की ते पिलारबद्दल होतं. तिचं नाव घेत होते. पुन्हा पुन्हा."

मार्तानं आईला ते सांगितलं. पिलारनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. घरी आलेला पाहुणा जेवणाची जरा जास्त स्तुती करतो तेव्हा यजमानीण पाहते तसं. ती हसली, माझ्या दंडावर हलकेच थोपटलं आणि आभार मानले, "ग्रासियास, सिरीस."

"खरंच घेतलं नाव," मी म्हणालो. "या वेळी खरंच."

मेधा पाण्याकडे पाहत होती. मार्तानं माझं वाक्य ऐकलं, पण आईला ते सांगितलं नाही. पिलारनं हुलियानच्या कोटाचं वरचं बटण लावलं, त्याचा हात आपल्या हातात घेतला, आणि आम्ही सगळे बस स्टँडकडे चालू लागलो.